शब्द आहेत, वाक्य होत नाही : इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात रोजच्या व्यवहारातील इंग्रजीविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन केले होते. आलेली बहुतेक पत्रे मुंबई आणि उपनगरांतील आहेत आणि त्यांतील तक्रारीचा सूर जवळजवळ सारखाच आहे : शाळेत व्याकरण शिकलो, शब्दही पुष्कळ येतात, परंतु बोलण्याची वेळ आली की वाक्य जुळत नाही. सर्वच पत्रांना येथे उत्तर देणे शक्य नसल्याने ज्यांत इतरांचीही अडचण व्यक्त झाली आहे अशी पत्रे निवडली आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत. वाचकांनी ती आपल्या वहीत रोमन लिपीत स्वतः लिहून काढावीत आणि स्पेलिंग कोशात पडताळून पाहावे.

प्रश्न : मी एका खाजगी कार्यालयात हिशेबनीस आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत लिहून पाठ करण्याचा क्रम मी नेमाने चालवला आहे. वाचलेले समजते, पण साहेबांनी काही विचारले की साधे वाक्यही तोंडातून निघत नाही. शब्दसंग्रह आणखी वाढवावा काय? (एक वाचक, परळ)

उत्तर : इतक्यात वाढवू नये. पाचवीपासून इंग्रजी शिकल्याचा हा परिणाम असावा असे आपल्याला वाटत असल्यास तेही मनातून काढून टाकावे. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, आणि त्यानंतर शिकलेल्या तरुणांची याच तक्रारीची पत्रे आमच्याकडे आली आहेत. अडचण आपल्या वहीच्या मांडणीत आहे. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ ही मांडणी वाचनापुरती ठीक आहे. बोलताना मात्र क्रम उलटतो : मनात आधी मराठी क्रियापद येते, त्याला इंग्रजीत एकच ठरलेला प्रतिशब्द असणार असे गृहीत धरून आपण तो शोधू लागतो, आणि तो सापडेपर्यंत साहेब पुढच्या विषयाकडे वळलेले असतात.

उदाहरण म्हणून आपले 'लागणे' हे क्रियापद घ्यावे. मला भूक लागली, याला इंग्रजीत 'आय ॲम हंग्री' म्हणतात. येथे लागणे नाहीसेच झाले आणि 'मला'चे 'मी' झाले. मला झोप लागली : 'आय फेल अस्लीप'. भावाला नोकरी लागली : 'माय ब्रदर गॉट अ जॉब'. दुकानाला आग लागली : 'अ फायर ब्रोक आउट इन द शॉप'. पायाला ठेच लागली : 'आय स्टब्ड माय टो'. फोन लागत नाही : 'आय कान्ट गेट थ्रू'. घाटात मला गाडी लागते : 'आय गेट कारसिक ऑन घाट रोड्स'. कार्यालयात पोहोचायला मला एक तास लागतो : 'इट टेक्स मी ॲन अवर टु गेट टु द ऑफिस'. ही आठ वाक्ये लिहिताना 'लागणे'चा प्रतिशब्द एकदाही लागला नाही. म्हणून वहीत उजवीकडे शब्दाऐवजी पूर्ण वाक्य लिहावे आणि डावीकडे, आपण घरी किंवा कार्यालयात खरोखर उच्चारतो ते मराठी वाक्य लिहावे. आपण हिशेबनीस आहात, तेव्हा 'बिल अजून पास झालेले नाही', 'ही रक्कम कोणत्या खात्यात टाकायची?', 'मेळ बसत नाही' ही वाक्ये आपल्या वहीत आधी हवीत. राजा, सिंह आणि लाकूडतोड्या यांच्याविषयीची वाक्ये मागाहून आली तरी चालतील. ('मेळ बसत नाही' हे इंग्रजीत 'द फिगर्स डोन्ट टॅली' असे होते.)

एकदा वाक्य लिहिले की ते तसेच घोकू नये. त्यातील एकेक गोष्ट बदलत जावे. वरचे तासाचे वाक्य घेऊन काळ बदलावा : 'इट टुक मी टू अवर्स यस्टरडे', कारण काल पावसाने गाड्या रखडल्या होत्या. मग माणूस आणि वाक्याचा प्रकार बदलावा : 'हाउ लाँग डझ इट टेक यू?' पुढे नकार : 'इट वोन्ट टेक लाँग', फार वेळ लागणार नाही. या चार वाक्यांत साधा वर्तमानकाळ, भूतकाळ, प्रश्नार्थक रचना आणि भविष्यकाळाचा नकार एवढे व्याकरण येऊन गेले, आणि ते कोष्टकातून आले नसल्यामुळे हाताशी राहील. दिवसाला अशी दोन-तीन वाक्ये पुरेशी आहेत. ती मोठ्याने म्हणावीत. घरात संकोच वाटत असेल तर रात्री जेवणानंतर फेरी मारताना म्हणावीत, मुंबईत फोनवर बोलत चालणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही.

प्रश्न : मुलाखतीत मी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' आणि 'आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पिरियन्स' असे म्हटले. बाहेर आल्यावर मैत्रिणीने दोन्ही वाक्ये चुकीची असल्याचे सांगितले, पण कारण तिलाही सांगता आले नाही. (एक वाचक, भांडुप)

उत्तर : कारण मराठीतच दडलेले आहे. आपण 'मी तीन वर्षांपासून येथे काम करत आहे' असे म्हणतो. यात क्रियापद वर्तमानकाळाचे आहे आणि 'पासून' हा प्रत्ययासारखा चिकटणारा शब्द 'तीन वर्षे' या कालावधीलाही लागतो आणि '२०२१' या आरंभबिंदूलाही लागतो. इंग्रजीने ही दोन्ही कामे वेगवेगळ्या शब्दांकडे दिली आहेत. मोजता येणारा कालावधी असेल तर 'फॉर' : 'फॉर थ्री इयर्स', 'फॉर टेन मिनिट्स', 'फॉर अ लाँग टाइम'. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स' : 'सिन्स २०२१', 'सिन्स मंडे', 'सिन्स माय मॅरेज'. आणि काम तेव्हा सुरू होऊन आजही चालू आहे हे सांगायचे असेल, तर 'ॲम वर्किंग' पुरत नाही, 'हॅव बीन वर्किंग' लागते. म्हणून वाक्य असे होते : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. हेच आपण 'आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' असे म्हटले, तर ऐकणारा आपण ती नोकरी सोडली असे समजेल, आणि मुलाखतीत हा फरक किरकोळ नाही.

दुसऱ्या वाक्यातील गोष्ट निराळी आहे. मालकी, नाते, समज, आवड, गरज यांची क्रियापदे ही कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात, आणि स्थितीला इंग्रजी सहसा 'इंग' लावत नाही. 'आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स', 'आय हॅव टू सिस्टर्स', 'आय अंडरस्टँड', 'आय नीड अ वीक'. 'आय ॲम हॅविंग लंच' हे मात्र बरोबर आहे, कारण तेथे 'हॅव' म्हणजे जवळ असणे नाही, जेवणे आहे.

याच अनुषंगाने आणखी एक रचना सांगतो, जी आम्हाला आलेल्या इंग्रजी पत्रांतही वारंवार दिसते. 'ई-मेल मी काल पाठवली आहे' हे निर्दोष मराठी आहे. त्यावरून केलेले 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' हे इंग्रजी सदोष आहे. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१९', 'ॲट टेन ओ'क्लॉक' असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की 'हॅव' निघून जातो : 'आय सेंट द मेल यस्टरडे'. केव्हा पाठवली हे सांगायचे नसेल, केवळ काम झाले आहे एवढेच कळवायचे असेल, तर 'आय हॅव सेंट द मेल' योग्य. मराठीतील 'आहे' पाहून 'हॅव' लावू नये. वाक्यात केव्हाचे उत्तर आहे की नाही ते पाहावे. हा एक नियम सांभाळला तरी कार्यालयीन पत्रव्यवहारातील निम्मी धास्ती कमी होते असे आमचे मत आहे.

प्रश्न : 'ए', 'ॲन' आणि 'द' यांचे नियम मी निवृत्तीनंतर तीन निरनिराळ्या व्याकरणांत वाचले. प्रत्येक ठिकाणी नियमांइतकेच अपवाद आहेत. मराठीत असे काही नसताना आपले काही अडत नाही, मग इंग्रजीलाच याची गरज का भासावी? (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

उत्तर : मराठीत उपपदे नाहीत हे खरे, परंतु ती जो भेद दाखवतात तो भेद मराठीत आहे. नळ गळू लागला आणि घरातील कोणी म्हणाले 'प्लंबर बोलवा', तर कोणताही प्लंबर चालेल. 'प्लंबरला बोलवा' असे म्हटले, तर बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्याही डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस आहे, बहुधा गेल्या वेळी येऊन अर्धवट काम करून गेलेला. इंग्रजीत पहिले 'कॉल अ प्लंबर' आणि दुसरे 'कॉल द प्लंबर'. जे काम तेथे 'ला' करतो ते इतरत्र शब्दांचा क्रम करतो. 'दारात मुलगा उभा आहे' यातील मुलगा अनोळखी आहे : 'देअर इज अ बॉय ॲट द डोअर'. 'मुलगा दारात उभा आहे' यातील मुलगा आपल्याला माहीत आहे : 'द बॉय इज ॲट द डोअर'. तेव्हा इंग्रजी वाक्य करण्यापूर्वी मराठी वाक्य मनात दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहावे. प्रत्येक वेळी उत्तर मिळेल असे नाही, पण व्याकरणातील अपवादांच्या यादीपेक्षा हा आधार अधिक भरवशाचा आहे.

'ए' की 'ॲन' हा प्रश्न कानाने सोडवावा, स्पेलिंग पाहू नये. 'ॲन अवर', कारण एच उच्चारला जात नाही. 'अ युनिफॉर्म', कारण उच्चाराचा आरंभ 'य'ने होतो. 'ॲन एफआयआर', 'ॲन एमबीए', कारण आरंभी 'ए' ऐकू येतो. स्थळनामांचे मात्र पाठच करावे लागते : 'द गेटवे ऑफ इंडिया', 'द अरेबियन सी', 'द वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे' यांना 'द' आहे, दादर, मरीन ड्राइव्ह आणि एस. व्ही. रोड यांना नाही. 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' म्हणतात, पण 'मुंबई युनिव्हर्सिटी' म्हणताना 'द' गळतो. यामागे काही तर्क सांगता येतो, पण तो लक्षात ठेवण्यापेक्षा नावे लक्षात ठेवणे सोपे.

आपण पत्रात विचारलेल्या 'ॲन ॲडव्हाइस'विषयी : 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' ही नामे इंग्रजीत मोजत नाहीत, म्हणून त्यांना 'ॲन'ही लागत नाही आणि 'एस'ही लागत नाही. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'सम इन्फर्मेशन'. चहाही एरवी मोजत नाहीत, पण हॉटेलात 'टू टीज, प्लीज' चालते.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. पालकसभेत बाईंशी बोलण्यासाठी मी घरून वाक्ये ठरवून जाते, पण माझे बोलणे तुटक होते आणि मुलगी नंतर हसते. बाईंना मी उद्धट वाटत असेन का, अशी शंका येते. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपली शंका अगदीच निराधार नाही, आणि यात आपला स्वभाव आड येत नसून दोन भाषांची नम्रता व्यक्त करण्याची तऱ्हा आड येते. मराठीत 'फॉर्म द्या' हे वाक्य सभ्य आहे, कारण आदर क्रियापदाच्या रूपात आहे. 'दे' आणि 'द्या' यांतील अंतर प्रत्येक मराठी कानाला कळते. 'जरा', 'हं', 'बरं का' असे शब्द उरलेली धार काढून टाकतात. इंग्रजीत 'गिव्ह' एकच. त्यामुळे 'गिव्ह मी द फॉर्म' हे 'द्या'चे भाषांतर म्हणून निघते आणि ऐकणाऱ्याच्या कानावर 'दे' म्हणून पडते. नुसते 'प्लीज' जोडल्याने फारसा फरक पडत नाही. तेथे वाक्याचाच साचा बदलावा लागतो : 'कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज?'

दुसरा साचा आपल्याला उपजत येतो. 'मला तुम्हाला एक विचारायचे होते' असे आपण समोर उभे राहून म्हणतो. विचारायचे आत्ताच असते, तरी 'होते' वापरतो, कारण त्यामुळे बोलण्यातील आग्रह कमी होतो. इंग्रजीही नेमके हेच करते : 'आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग.' हे वाक्य आपण बिनधास्त पहिले वाक्य म्हणून ठेवावे. त्यानंतरची काही अशी असू शकतील. 'हाउ इज शी डूइंग इन मॅथ्स?' 'शी फाइंड्स मॅथ्स डिफिकल्ट, बट शी इज गुड ॲट ड्रॉइंग.' येथे 'गुड इन' नव्हे, 'गुड ॲट'. 'व्हॉट कॅन आय डू ॲट होम टु हेल्प हर?' 'शी वॉज ॲब्सेंट बिकॉज शी हॅड अ फीव्हर.' बाई भरभर बोलल्या आणि कळले नाही, तर मान डोलावू नये : 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' असे म्हणावे. शहरातल्या मोठमोठ्या सभांतही हे वाक्य रोज वापरले जाते, त्यात कमीपणा नाही.

एक जागा मात्र सांभाळावी. 'फी केव्हा भरायची आहे?' हा थेट प्रश्न 'व्हेन आर द फीज ड्यू?' असा होतो. त्याच्याआधी 'कुड यू टेल मी' जोडले की आतल्या प्रश्नाचे सरळ वाक्य होते : 'कुड यू टेल मी व्हेन द फीज आर ड्यू?' 'आर' जागा बदलतो. मराठीत 'फी केव्हा भरायची आहे ते सांगाल का?' असे म्हणताना शब्द हलत नाहीत, त्यामुळे ही चूक चांगले इंग्रजी बोलणारेही करतात. तसेच आपल्या 'ना?'साठी प्रत्येक वाक्यामागे 'इझन्ट इट?' लावण्याचे टाळावे. 'यू टीच फोर्थ स्टँडर्ड, डोन्ट यू?', 'शी हॅज इम्प्रूव्ह्ड, हॅझन्ट शी?' अशी प्रत्येक वाक्याची शेपटी निराळी असते. ती वेळेवर सुचत नसेल तर 'राइट?' म्हणून मोकळे व्हावे.

मुलीच्या हसण्याविषयी आम्ही काय सांगणार? तिला तिच्याच आजीला शाळेतील दिवसाचा वृत्तांत शुद्ध मराठीत सांगायला बसवावे. हसू दोन्ही बाजूंनी वाटले जाईल.

प्रश्न : 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'आय पास्ड आउट इन २०१९', 'आउट ऑफ स्टेशन', 'कझिन ब्रदर' हे शब्दप्रयोग चुकीचे आहेत असे समाजमाध्यमांवर सतत सांगितले जाते. आमच्या कार्यालयात तर सगळेच वापरतात. (एक तरुण वाचक, कांदिवली)

उत्तर : सर्वांना एकाच मापाने मोजू नये. 'प्रीपोन' हा शब्द भारतात रुळलेला आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशांत त्याची नोंद आहे; मीटिंग अलीकडे आणली हे एका शब्दात सांगण्याची सोय दुसरा शब्द देत नाही. 'डू द नीडफुल' हे जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहाराचे उरलेले रूप आहे. तिकडे ते मावळले, आपल्या फायलींत राहिले. समजते सर्वांना, पण शिळे वाटते आणि नेमके काय करावे हे सांगत नाही. त्याऐवजी 'प्लीज अप्रूव्ह द बिल बाय फ्रायडे' असे काम आणि मुदत लिहावी. 'पास्ड आउट' मात्र भारताबाहेरच्या माणसासमोर टाळावे, कारण त्याच्या लेखी आपण २०१९ मध्ये बेशुद्ध पडला होता. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' म्हणावे. 'आउट ऑफ स्टेशन'ऐवजी 'आउट ऑफ टाउन'. 'कझिन ब्रदर'मागची गरज आम्हाला समजते, चुलतभाऊ आणि मावसबहीण यांना एकाच 'कझिन'मध्ये कोंबणे आपल्या जिवावर येते. तरी ऐकणाऱ्याला 'कझिन' पुरते, आणि नंतरच्या 'ही' किंवा 'शी'वरून उरलेले कळते. 'मायसेल्फ अमुक तमुक' अशी ओळख करून देणे तेवढे सोडून द्यावे. 'आय ॲम' आहे, ते पुरे.

'टुडे मॉर्निंग' आणि 'यस्टरडे नाइट' ही आपल्या यादीत नसलेली दोन रूपे अधिक खटकतात. 'धिस मॉर्निंग', 'लास्ट नाइट' म्हणावे.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या पिढीने मराठी वाक्ये इंग्रजीत भाषांतरित करून इंग्रजी शिकले. आता मोबाइल क्षणात भाषांतर करून देतो. मग जुन्या पद्धतीला काही अर्थ उरला आहे का? आणि कोश कोणता घ्यावा? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : अर्थ उरला आहे, कारण दोन भाषा कोठे फुटतात हे भाषांतर करतानाच कळते. जुन्या पुस्तकांत दोष होता तो वाक्यांच्या निवडीचा : ज्या वाक्याची जन्मात गरज पडणार नाही असे वाक्य घडवण्यात विद्यार्थ्याची संध्याकाळ जाई. वाक्ये स्वतःची घ्यावीत आणि मोबाइलचा उपयोग उत्तर तपासण्यासाठी करावा, उत्तर मागण्यासाठी नव्हे. आधी स्वतः लिहावे, मग यंत्राचे पाहावे, आणि फरक दिसेल तेथे थांबावे. यंत्रावर आंधळा विश्वासही ठेवू नये. 'साहेब आले आहेत, पण ते आज सही करणार नाहीत' यातील 'ते' एकाच माणसाचे आहेत की अनेकांचे, हे आपल्याला माहीत असते. भाषांतरात 'दे' येऊन बसले तर ते 'ही' करण्याचे काम आपले. उलट बाजूने, आदरार्थी अनेकवचनाच्या सवयीने 'सर हॅव कम' असे तोंडातून जाते, तेथे 'सर हॅज कम' हवे. इंग्रजी क्रियापद सरांनाही एकवचनच लावते.

कोशाविषयी एकच आग्रह : इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. या प्रकारच्या कोशाची सुरुवात इंग्लंडात झाली नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. इंग्रजांसाठी लिहिलेले कोश आपल्या विद्यार्थ्यांना अर्थ सांगतात, पण शब्द वाक्यात कसा बसवावा हे सांगत नाहीत, या अडचणीतून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला, आणि आज त्याच परंपरेतील कोश विनामूल्य संकेतस्थळावरही पाहता येतो. १९८७ साली निघालेल्या कोबिल्ड कोशाने आणखी एक पाऊल टाकले : त्याने अर्थच पूर्ण वाक्यात दिले आणि उदाहरणे प्रत्यक्ष छापलेल्या व बोललेल्या इंग्रजीतून घेतली.

असा कोश उघडला की अर्थ पाहून मिटू नये. 'डिस्कस' पाहावे : खाली 'डिस्कस समथिंग विथ समबडी' असा साचा दिलेला असतो, त्यात 'अबाउट' कोठेच नाही. म्हणजे 'लेट्स डिस्कस द बजेट'. 'रीच' पाहावे : 'वी रीच्ड ठाणे ॲट नाइन', मध्ये 'टु' नाही. 'मॅरी' पाहावे : 'शी इज मॅरिड टु अ डॉक्टर', आपल्या 'डॉक्टरशी'मुळे येणारे 'विथ' तेथे बसत नाही.

प्रश्न : इंग्रजी ऐकण्याचा सराव करण्यासाठी वेळ नाही; रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात. शिवाय उच्चाराची भीती वाटते, विशेषतः 'व' आणि 'व्ह' यांची. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : लोकलमध्येच सुरुवात करावी. डब्यातील उद्घोषणा एकच गोष्ट तीन भाषांत सांगते. मराठीत 'पुढील स्टेशन, दादर' एवढ्यात काम होते, क्रियापद लागतच नाही. इंग्रजीत 'द नेक्स्ट स्टेशन इज दादर', येथे 'द'ही हवा आणि 'इज'ही हवा. 'हे महाग', 'तो आजारी' अशी क्रियापदाविना वाक्ये आपण दिवसभर बोलतो, म्हणून इंग्रजीत 'इज' गळतो. प्रत्येक स्थानकाला तो कानावर पडतो, तर तेवढे लक्ष द्यावे. त्यानंतर कानात आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लावाव्यात. त्याच दिवसाच्या मराठी बातम्या आधी ऐकलेल्या असतील तर विषय माहीत असतो आणि कान केवळ वाक्याकडे राहतो.

'वेस्ट' म्हणताना ओठ गोल करावेत, दात कोठेही लागू देऊ नयेत. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. आपले लेखन येथे मदत करत नाही, कारण 'व्हिडिओ' आणि 'व्हील' दोन्ही 'व्ह'ने लिहिले जातात आणि इंग्रजीत त्यांचे आरंभीचे ध्वनी भिन्न आहेत. तरीही या दोन ध्वनींत गल्लत झाली म्हणून समजण्यात सहसा अडथळा येत नाही. आघात चुकल्यास मात्र येतो, आणि देवनागरीत तो दाखवण्याची सोय नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारातील पहिल्या तुकड्यावर (सिलेबलवर) असतो, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर आरंभी, क्रियापद असेल तर शेवटी. कोशात शब्दाशेजारच्या उच्चारात वरच्या बाजूला एक लहान उभी रेघ असते. ती ज्या अवयवाच्या आधी असेल, त्याच्यावर जोर द्यावा.